पारिजातकाचा कचरा

माझी थोरली मावशी गेली चार वर्षे आझिलात आहे. 'वृद्धाश्रम' हा शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रात आणि पाटीवर. बोलताना आपण आझिल म्हणतो, आणि म्हणताना आवाज थोडा खाली येतो. मावशीला तिथे कुणी टाकलेली नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण अशा लेखाच्या पहिल्या दोन ओळींतच वाचक तिच्या मुलांविषयी निकाल देऊन मोकळा होतो. तिला मूलबाळ नाही. काका गेल्यावर अंत्रुजातल्या त्या कुळागरातल्या घरात ती सहा वर्षे एकटी राहिली, दोनदा पडली, आणि दुसऱ्यांदा पडल्यावर तिनेच मला बोलावून सांगितले की आता पुरे. आझिलही तिने स्वतः बघून निवडले. का निवडले असे विचारले तर तिने जेवणाचे नाव घेतले नाही, डॉक्टरचे घेतले नाही. फाटकातून आत शिरल्यावर उजव्या हाताला एक पारिजातक होता, तो तिला आवडला होता.

तो पारिजातक गेल्या वर्षी चतुर्थी संपल्यावर आठवडाभरातच तोडला.

कारण असे सांगण्यात आले की फुलांचा कचरा फार होतो, वाट निसरडी होते, कुणी घसरून पडले तर जबाबदार कोण. जागा मोकळी झाली तशी तिथे सिमेंटचे रंगीत ठोकळे बसवले आणि त्यांवर चार कुंड्या ठेवल्या. कुंड्यांत क्रोटन आहेत. क्रोटनला फूल नाही म्हटले तरी चालेल, वास नाही, ते सहसा पानही गाळत नाही. झाडणाऱ्या बाईला सोयीचे झाड.

आता पारिजातक म्हणजे काय ते ज्यांच्या घरात देव आहेत त्यांना सांगायला नको. खाली पडलेले फूल देवाला चालत नाही, अपवाद याचा. श्रावण सरता सरता बहर सुरू होतो, आश्विनात झाड अगदी वेडे होते, रात्री फुलते आणि उजाडायच्या आत सगळे अंगणात टाकून मोकळे होते. ज्या बाईचे हात आता खांद्याच्या वर जात नाहीत तिला फांदी वाकवून फुले खुडायला न लावणारे हे झाड. मावशीने तर वाकायचेही टाळले होते. रात्री जेवण झाल्यावर ती झाडाखाली एक जुने लुगडे अंथरून ठेवायची. पहाटे एक टोक ती धरायची आणि दुसरे तिच्या खोलीतली बार्देशची आजी. दोघींनी मिळून ते उचलले की सुपाएवढा ढीग. त्यातली अर्धी फुले मावशीच्या गणपतीला, अर्धी व्हरांड्यातल्या सायबिणीच्या पायाशी. जे राहील ते वाडग्यात पाणी घेऊन त्यात, जेवणाच्या टेबलावर. हा सगळा उद्योग पाऊण तासाचा, पण तेवढ्यासाठी ती पाचला उठायची, आंघोळ करायची, केस विंचरून खाली यायची.

झाड गेल्यावर मी दसऱ्याला भेटायला गेलो तर ती खोलीत खाटेवर बसलेली. साडेदहा वाजले होते. खाली का नाही आलीस म्हणून विचारले, तर म्हणाली, "सकयल येवन कितें करूं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. व्हरांड्यात टीव्ही होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, वर्तमानपत्र होते. पण करण्यासारखे काही नव्हते. बसण्यासारखे पुष्कळ होते.

या लेखात मला आझिलाची निंदा करायची नाही. जेवण वेळेवर मिळते, पेज गरम असते, औषधाच्या गोळ्या नावानिशी डब्यांत भरलेल्या असतात, नर्सबाई रात्री दोनदा फेरी मारते. या माणसांना मी नावे ठेवली तर जीभ झडेल. माझे म्हणणे वेगळ्याच गोष्टीविषयी आहे. म्हाताऱ्या माणसाला काय हवे हे ठरवताना आपण फक्त त्याच्या शरीराचा हिशेब मांडतो, आणि उरलेला दिवस करमणुकीने भरायला निघतो. हा दोष एका आझिलाचा नाही. आपल्या कायद्यातसुद्धा तो आहे. २००७ साली केंद्राने आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला. त्याच्या १९व्या कलमात सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निवास उभारावेत, प्रत्येकात किमान १५० जणांची सोय असावी, असे म्हटले आहे. या निवासांत कोणत्या सेवा असाव्यात हे सांगताना कायदा दोन गोष्टींची नावे घेतो, वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधने. कायदा लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण ज्या बाईने साठ वर्षे कुळागर राखले, पाटाचे पाणी कुठल्या दिवशी कुठल्या पोफळीला जायचे हे जिच्या बोटांवर होते, तिची करमणूक करायची म्हणजे नेमके काय करायचे?

आपण काय करतो ते सांगतो. शरद ऋतू आला की आझिलाला पाहुण्यांचा हंगाम येतो. चतुर्थी झाली की सुरुवात होते ती थेट नाताळपर्यंत. कुणाचा क्लब येतो, कुणाची शाळा येते, कुणाचा वाढदिवस असतो. फळे वाटतात, फरसाणाची पाकिटे वाटतात, एक बॅनर घेऊन फोटो काढतात. दिवाळीच्या आठवड्यात एका दिवशी तीन तीन गट आलेले मी पाहिले आहेत. तिसऱ्या गटाला नाराज कसे करायचे म्हणून आजोबा मंडळी पुन्हा बाहेर येऊन बसली, पुन्हा टाळ्या वाजवल्या. मावशीच्या कपाटात तेव्हा सफरचंदे सुकत होती. ती मला म्हणाली की इथे रोज सोयरीक असल्यासारखे वाटते, फक्त यजमान कोण ते कळत नाही. (मीही एका वर्षी ऑफिसातल्या मंडळींबरोबर असाच एका आझिलात लाडू घेऊन गेलो होतो. फोटोत मी डावीकडून दुसरा.)

आता हा हंगाम आपल्या घरांत कसा असतो ते आठवून बघा. चतुर्थीची माटोळी बांधायची तर रानातली फळे कुठली, कुठे मिळतात, कुठले आधी बांधायचे हे घरातल्या म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. कांगले, आंबाडे, तोरिंगे, चिबूड, सुपारीची शिपटी, नारळाची पेण. मुलगा इंजिनियर असेल, पण कवंडळ ओळखायला त्याला बापच लागतो. मग दसरा. दाराला आंब्याची पाने, रोजांच्या माळा, नव्या भाताची कणसे. माळ ओवायला डोळ्यांची गरज कमी आणि सवयीची जास्त. नरकचतुर्दशीला कारीट पायाच्या अंगठ्याने फोडायचे, ते कारीट कुंपणावर कुठे लागले आहे ते आजीने पंधरा दिवस आधीच बघून ठेवलेले असते. त्या दिवशीचे फोव पाच तऱ्हेचे, आणि ताकातले कसे, रोसातले कसे, यावर दर वर्षी भांडण. पुढे व्हडली दिवाळी, तुळशीचे लग्न. वृंदावन रंगवायचे, ऊस रोवायचा, चिंचेची आणि आवळ्याची डहाळी आणायची, दिण्याची काठी नवरदेव म्हणून उभी करायची. ख्रिस्ती घरांत याच दिवसांत ऑक्टोबरभर तेर्स, आणि २ नोव्हेंबरला मेल्यांच्या दिसाला थडगी धुऊन पुसून त्यांवर फुले आणि मेणवाती. त्या फुलांसाठी कुणी तरी पावसातच रोपे लावून ठेवलेली असतात.

हे सगळे सण आहेतच, पण नीट पाहिले तर ही कामे आहेत, आणि त्यातली बहुतेक अंगणातली. पाऊस ओसरतो, माती अजून ओली असते, ऊन सोसवते. परसात उतरायला वर्षातला याहून चांगला काळ नाही. रान काढायचे, वाफे करायचे, तांबडी भाजी पेरायची, मुळा लावायचा, वांगी-मिरचीची रोपे बसवायची, वालाला मांडव करायचा. घरातली म्हातारी माणसे या दोन महिन्यांत अचानक तरतरीत दिसतात ते काही हवेमुळे नव्हे. त्यांना विचारायला माणसे येत असतात.

आझिलात हेच दोन महिने ती प्रेक्षक असतात. माळा बाजारातून येतात, आकाशकंदील दुकानातला असतो, फोव केटररचे. आणि बागेला माळी असतो.

या विषयावर बाहेर बराच विचार झालेला आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितले की तुमची खोली कशी मांडायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे एक रोप, हवे असेल तर घ्या, पण त्याची निगा तुम्हीच राखायची. दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली, सिनेमा दाखवला, पण सांगितले की काळजी करू नका, पाणी घालायला नर्स आहे. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही, अधिक बोलती झालेली आढळली. पुढच्या वर्षी याच दोघींनी असेही छापले की त्या मजल्यावर दीड वर्षात मृत्यू कमी झाले. ही दुसरी गोष्ट लोक मोठ्या आवडीने सांगतात, पण तिच्यावर मी भर देणार नाही, कारण माणसे थोडी होती आणि आकडेमोडीत चूक राहिल्याची दुरुस्ती नंतर प्रसिद्ध करावी लागली. मला मरणापेक्षा पहिली तीन आठवड्यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्ही मजल्यांवर रोप होते. फरक पाणी कोण घालतो एवढाच.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावचे. १९९१ मध्ये बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर तिथल्या शुश्रूषागृहात आला आणि त्याने ते कुत्री, मांजरे, शंभर पोपट आणि खोलीखोलीतल्या झाडांनी भरून टाकले. हिरवळ खणून भाज्यांची आणि फुलांची बाग केली. ही हकीकत अतुल गावंडे यांनी २०१४ च्या 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकात सांगितली आहे. गावंडे म्हणजे आपलेच, त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. त्याच पुस्तकात त्यांच्या आजोबांची गोष्ट आहे. सीताराम गावंडे जवळजवळ ११० वर्षे जगले आणि म्हातारपणीही घोड्यावर बसून शेताला फेरी मारत. हे एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. गावंडेही तसे गात नाहीत, घरातल्या धाकट्यांना त्या व्यवस्थेची किंमत मोजावी लागते हे ते जाणतात. पण त्या म्हाताऱ्याला घोड्यावर चढवून देणारे घरात कुणी तरी होते, आणि 'पडाल' म्हणून घोडा विकून टाकणारे कुणी नव्हते, एवढे मात्र मी लक्षात ठेवले आहे.

पडण्याची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. मावशी दोनदा पडली तेव्हा मीच तिला इस्पितळात नेले. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस पुन्हा उभा राहीलच असे नाही. पावसात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ येते, रान वाढले तर फुरसे असते. आझिल चालवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही आठवड्यातून एकदा येता. काही झाले तर तुमच्या आधी पोलीस येतील." हे बरोबर आहे. पण मग वाट कोरडी ठेवा, पायऱ्या घासा, हाताला धरायला कठडा करा. झाड कापणे हा त्या यादीतला सगळ्यांत स्वस्त उपाय आहे म्हणून तो पहिला सुचतो. घसरून पडणारे न्हाणीघरातही पडतात, न्हाणीघर काही आपण बंद करत नाही.

आणि अंगणातले काम म्हणजे कुदळ मारणे असे कुणी समजू नये. चिऱ्यांचे चार थर रचले की वाफा कमरेपर्यंत येतो. वाकायला नको, खुर्चीत बसूनही हात पोहोचतो. रुंदी मात्र दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचेल एवढीच ठेवायची, आणि सभोवती चाकांची खुर्ची फिरेल एवढी सपाट वाट. खाली सोडणे भरायची, वर माती आणि शेणखत. नळ जवळ हवा, झारी छोटी हवी, कारण भरलेली मोठी झारी कुणालाच उचलत नाही. याचा खर्च दिवाळीत वाटल्या जाणाऱ्या फरसाणापेक्षा फार जास्त यायचा नाही. ज्या क्लबांना सेवा करायची आहे त्यांनी एखाद्या वर्षी फळांच्या ऐवजी चिऱ्यांची एक गाडी आणून उतरवावी, आणि वाटल्यास तिच्यासमोर फोटो काढावा.

मात्र एक अट पाळायला हवी. त्या वाफ्यात काय पेरायचे ते आझिलातल्या माणसांनीच ठरवायचे. नाही तर होते काय, की 'उपक्रम' होतो. बुधवारी चार ते पाच बागकाम, गुरुवारी भजन, शुक्रवारी चित्रकला, आणि पालेभाजी जगली की मेली याच्याशी कुणालाच देणेघेणे नाही, कारण ती मेली तरी माळी दुसरी लावणार. मरू शकेल असे काही तरी त्यांच्या हाती द्यायला हवे.

आपल्या गोव्याला हा प्रश्न इतरांपेक्षा आधी गाठणार आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण गोव्यात ११ टक्क्यांच्या वर होते, केरळच्या खालोखाल. त्यानंतर किती तरी घरांना कुलपे लागली, किती तरी मुले लंडनला गेली. पोर्तुगीज काळापासूनची प्रोवेदोरिया आझिले चालवते, चर्चच्या संस्था चालवतात, अलीकडे पैसे घेऊन चालवणारीही निघाली आहेत. आज हे वाचणाऱ्यांपैकी काही जण, मी धरून, पुढे तिथेच राहायला जाणार आहोत. तेव्हा अंगणात ठोकळे हवेत की माती, हे आताच बोललेले बरे.

यंदा काय झाले तेही सांगतो. मी त्या बाईंशी तीनदा भांडलो, चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यांनीच चहा दिला आणि मागच्या विहिरीजवळची जागा दाखवली. दोन वाफे, चिरे मी द्यायचे, गवंडी त्यांचा, आणि उन्हात साडेनवाच्या पुढे कुणी थांबायचे नाही. घटस्थापनेच्या आधी वाफे तयार झाले. एकात मावशीने तांबडी भाजी पेरली. तिचे बी राईहून बारीक, तसेच टाकले तर एका जागी पडते, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळायचे. मिसळताना तिने वाळू चाळायला लावली ती मला, आणि जाड राहिली म्हणून पुन्हा चाळायला लावली. मुंग्या बी नेतात म्हणून कडेने राख. पाचव्या दिवशी अंकुर दिसले, तिने नर्सबाईच्या फोनवरून मला कळवले. महिन्याभरात भाजी उपटायला आली. ती एकोणीस माणसांना एकेक चमचा मिळाली. एका माजी मास्तरांनी मीठ कमी असल्याची तक्रार केली, ती मावशीने मनावर घेतली आहे.

दुसऱ्या वाफ्यावरून मात्र तंटा झाला. बार्देशच्या आजीला रोजां हवी होती, २ नोव्हेंबरला नवऱ्याच्या थडग्यावर नेण्यासाठी. मावशीने तिला सांगितले की आता पेरून ती तोवर फुलायची नाहीत, त्यांना दोन महिने लागतात. आजी ऐकेना. शेवटी अर्ध्या वाफ्यात मुळा आणि अर्ध्यात रोजां असा तह झाला, आणि व्हायचे तेच झाले, मेल्यांच्या दिसाला रोपे वीतभर होती, फुले बाजारातून आणावी लागली. तुळशीचे लग्न झाले तेव्हा कुठे पहिल्या कळ्या दिसल्या.

परवा गेलो तेव्हा दोघी वाफ्याशी होत्या. पाऊण वाजला होता, म्हणजे साडेनवाचा नियम कधीच मोडला होता. फुले सुकू द्यायची, खुडायची नाहीत, बी धरायचे, असे मावशी तिला समजावत होती. पुढच्या वर्षी श्रावणातच पेरायचे म्हणजे दोन्हीला पुरतील, दसऱ्याला आणि थडग्यालाही. मावशीला आता एक्याऐंशी, आजी तिच्याहून मोठी. मला बघून मावशीने विचारले, येताना कागदाची पुडकी आणलीस का, बी प्लास्टिकात कुजते. मी विसरलो होतो.